पूजेचं चाक

गंजलेलं चाक काढायला पंधरा मिनटं लागत्यात. त्या दिवशी अडीच तास लागले ते चाकामुळं न्हाई, माणसांमुळं. हे आधीच सांगून ठेवतो, कावून की आमच्या जांभळवाडीत आजबी पारावर बसून लोक म्हणत्यात, शहादेवला साधं एक चाक निघंना. अरे निघंना काय निघंना! हात लावू दिला असता तर निघालं असतं.

नेकनूरच्या अलीकडं फाट्यावर माझं पंक्चरचं दुकान हाय. एकवीस वर्षं झाली. ट्रॅक्टर, उसाचे ट्रक, मास्तरांच्या स्कूट्या, सगळ्यांची चाकं मी काढली अन् बसवली. पण पुढाऱ्याच्या गाडीचं चाक काढायचं म्हणजे त्यात चाक शेवटी येतं. आधी पुढारी येतो.

आमचे पुढारी म्हणजे अमरसिंह नाना. यंदा जिल्हा परिषदेची निवडणूक लागली अन् नानांनी नवे पांढरे कपडे शिवायला टाकले. कपडे शिवून आले त्याच दिवशी आमचा गट महिलेसाठी राखीव सुटला. नाना दोन दिवस जेवले न्हाईत. तिसऱ्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं की आपल्या घरात बी एक महिला हाय.

ती महिला म्हणजे विमलबाई, नानांची बायको, आमच्या वहिनी. माहेर गेवराईकडचं, गोदाकाठचं. बापाला लेक एकच, म्हणून लहानपणापासून शेतात ट्रॅक्टर चालवलेला. ट्रॉली लावून ट्रॅक्टर मागं घ्यायचा म्हणजे भल्याभल्यांना घाम फुटतो, वहिनी तो वयाच्या पंधराव्या वर्षी गोठ्यात नीट लावायच्या. लगीन होऊन हिकडं आल्या अन् त्यांच्या हातातलं स्टिअरिंग सुटलं. पुढाऱ्याच्या घरच्या बाईनं ट्रॅक्टरवर बसायचं न्हाई म्हणे.

वहिनी मागं पाच वर्षं गावच्या सरपंच बी होत्या. म्हणजे कागदावर होत्या. खुर्चीवर नाना बसायचे, अन् सही बी नानाच ठोकायचे, 'सौ. विमलबाई' अशी, खाली झोकात दोन रेघा ओढून. वहिनी तवा भाकरी थापत असायच्या. पाच वर्षांत त्या बाईनं एकच काम सांगितलं. फाट्यावरनं गावात यायच्या रस्त्याला ओढा हाय, त्यावर पूल करा. पूल न्हाई म्हणून यष्टी आत येत न्हाई, पाऊसकाळात ओढा भरला की पोरींची शाळा बंद. वहिनींची थोरली, मंजुषा, त्याच पायी बारावीला घरी बसली अन् वर्षाच्या आत तिचं लगीन उरकलं.

पूल झाला. न्हाई कशाला म्हणू? पण झाला तो नानांच्या मळ्याकडच्या वाटेवर, जिथनं नानांशिवाय फक्त नानांच्या म्हशी जात्यात. त्यावर संगमरवरी पाटी बसवली, सरपंच सौ. विमलबाई यांच्या कार्यकाळात. मग नळावर बायांनी वहिनींना सोलून काढलं. "सही तर तुमचीच हाय न्हवं, सरपंचबाई?"

फॉर्म भरायच्या आठ दिवस आधी वहिनी फाट्यावर बसची वाट बघत माझ्या दुकानासमोर थांबल्या होत्या. एकाएकी म्हणल्या, "भावजी, त्या पुलावर माझं नाव हाय, पण ती सही माझी न्हाई. धाकटी अंजू आता आठवीत हाय. या टायमाला सही मी करणार." मी हसलो. हसायला नको होतं मी, अजून लाज वाटती त्याची.

आता गाडीचं ऐका. नानांकडं पांढरी मोठी गाडी हाय, एसीवाली. पण मागच्या निवडणुकीला नाना त्या गाडीतनं फॉर्म भरायला गेलते अन् सपाटून आपटले. गावात बैठक बसली, चर्चा झाली, अन् दोष उमेदवारात न्हाई, गाडीत निघाला. नानांचे वडील राधाकिशन आबा जुन्या पिकअपमधनं दोनदा गेले अन् दोन्ही टायमाला निवडून आले. तवा या खेपेला पिकअपच. ती पिकअप कैक वर्षं गोठ्याशेजारी गळक्या पत्र्याखाली उभी होती. एंजिन मी आदल्या दिवशी येऊन चालू करून दिलं, नवी बॅटरी टाकली. पठ्ठी खोकली अन् लागली. टायरात हवा बी भरून दिली.

पण हवा रातीत उतरली. उजव्या हाताचं पुढचं चाक जमिनीला टेकलं. सकाळी अकराला मला बोलावणं आलं. फॉर्म भरायचा शेवटचा दिवस, तीनपर्यंतच घेणार, अन् बीड तिथनं तासाभराचं.

मी वाकून चाक बघितलं अन् कपाळाला हात लावला. बाकीची तीन चाकं ठणठणीत, कावून की त्यांना कोणी इचारलं न्हाई. ह्या एका चाकाची मात्र दर दसऱ्याला पूजा! नारळ फोडायचा तो ह्याच चाकावर, पाणी ओतायचं ते ह्याच्याच नटांवर, वरनं हळद-कुंकवाचा लेप. बारा-तेरा वर्षं नारळाचं पाणी प्यालंय ते चाक. नट कुठले अन् कुंकू कुठलं, ते खरडल्याबिगर कळंना.

"नाना, हे पूजेनं गंजलंय," मी म्हणलं.

"पूजेनं कधी काय गंजतं का बे?" नाना म्हणले. "तुला काढता येत न्हाई असं सांग."

शेजारी बद्रीनाथ महाराज उभे होते. हे नानांचे मुहूर्तवाले. ते म्हणले, "चाक अडलंय म्हणजे काहीतरी मागतंय." अन् मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी अजून एक नारळ त्याच चाकावर फोडला.

वहिनी गाडीतच बसलेल्या. साडेधापासून. डावीकडच्या शिटावर, गळ्यात हार, मांडीवर कागदांची फाईल. महाराजांचा हुकूम होता, एकदा बसल्यावर फॉर्म भरंस्तोवर जागा सोडायची न्हाई. मी म्हणलं, वहिनींना जरा उतरवा, गाडी जॅकवर घ्यायचीय. नाना म्हणले, "तिच्यासकट घे, तिचं काय वजन हाय?" मग मी उमेदवारासकट गाडी उचलली.

गाडीवर बॅनर होतं. त्यावर नानांचा हात जोडलेला फोटो, गाडीच्या हौद्याएवढा. खाली कोपऱ्यात बोराएवढ्या वहिनी.

नटांवर डिझेल सोडलं, पान्ह्याला लांब पाईप लावला, अन् एकेक नट घाम गाळून सोडवला. पाचही नट निघाले. चाक मात्र जागचं हालंना. रिम आतल्या हबला, चाक ज्याच्यावर बसतं त्या लोखंडाला, गंजानं असं धरून बसलं होतं की जसं काय दोघांचं एकच ओतकाम. मी लाथ मारली, पहार लावली. न्हाई म्हणजे न्हाई.

तेवढ्यात नानांचा पुतण्या अभिमन्यू आला. हा युवा नेता हाय. तसं त्याच्याच बॅनरवर लिहिलंय, त्यामुळं खरं असणार. माझ्या हातातला घण त्यानं काढून घेतला, पोरांना मोबाईल धरायला लावलं अन् म्हणला, "कष्टकऱ्यांच्या घामाशी नातं सांगणारा तुमचा हक्काचा माणूस!" अन् घण हाणला. घण बसला मडगार्डवर. परत हाणला, कावून की पहिल्या टायमाला गॉगल घसरला होता. तिसऱ्याला चाकाला लागला, तिथनं उसळला अन् युवा नेत्याच्या गुडघ्यावर आला. ते तेवढं व्हिडिओतनं कापलं म्हणत्यात.

मग ज्याला त्याला घण पाहिजे झाला. एक जण म्हणाला जेसीबी बोलवा, एक म्हणाला गॅस कटर आणा, एकानं शोध लावला की हे विरोधकांचं काम हाय, रात्री येऊन चाक चिकटवून गेले. मी म्हणलं, बाबांनो, हातोड्याचं हे कामच न्हाई. पण ऐकतो कोण! प्रत्येक घावाला गाडी हादरायची अन् आत वहिनी हादरायच्या.

शेवटी मी नानांना बाजूला घेतलं. "नाना, ह्याला एकच इलाज हाय. नट परत घालतो, दोन-दोन आटे ढिले ठेवतो. जॅक काढतो. गाडी धा फूट मागं घ्यायची अन् करकचून ब्रेक दाबायचा. गाडीच्या वजनानंच चाक सुटतं. पाच मिनटाचं काम हाय."

नानांनी माझ्याकडं असं बघितलं की जसं काय मी त्यांना पक्ष बदलायला सांगितलं. न्हाई, त्याला तर ते लगीच तयार झाले असते. "फॉर्म भरायच्या दिवशी गाडी मागं? डोकं ठिकाणावर हाय का? लोक काय म्हणतील, अमरसिंह निघायच्या आधीच मागं सरला?"

"अवलक्षण!" महाराज म्हणले. "राधाकिशन आबांनी ही गाडी फॉर्मच्या दिवशी कधीच मागं घेतली न्हाई."

"मग पुढं घेऊ."

"पुढं स्टेज हाय."

होतं खरं. महाराजांनी गाडीचं तोंड पूर्वेला करून ठेवलं होतं अन् मंडपवाल्यानं बरोबर तिच्या तोंडाशी स्टेज ठोकलं होतं. मागं सगळं अंगण मोकळं, त्याच्यामागं सताड उघडं फाटक. मी म्हणलं, "मग स्टेज काढा."

"भाषणं चालू हायती," नाना म्हणले, अन् स्वतःचं भाषण करायला स्टेजवर गेले.

एक वाजून गेला होता. घणवाले घाम पुसत सावलीला बसले अन् सरबत प्यायला लागले. मी नट हातानं आत फिरवून दोन-दोन आटे ढिले ठेवले, जॅक उतरवला. कशासाठी उतरवला ते माझं मलाच ठावं न्हाई. राग आलता, दुसरं काय! मग उठून डाव्या खिडकीशी गेलो तर वहिनी काहीतरी लिहीत होत्या.

मांडीवर फॉर्म होता. अक्षर सगळं वाकडंतिकडं, हाललेलं. मी म्हणलं, "फॉर्म तर भरलेला हाय न्हवं, वहिनी?"

"भरलाय की. सही बी केलीय." त्यांनी फाईलीतला दुसरा फॉर्म दाखवला. खाली 'सौ. विमलबाई', अन् झोकात दोन रेघा. "काल राती त्यांनीच केली. मला म्हणले, तू झोप, तुला कशाला तरास. चुकला तर असावा म्हणून एक कोरा आणला होता, तो मी भरतेय. तुमी सगळे हाणत होता तवा भरला."

अडीच तास, अन् त्या घणाच्या प्रत्येक घावाला बाईचा पेन उडत असणार. आमी बाहेर चाकाशी झटत होतो अन् खरं काम आत चाललं होतं. 

"सूचक म्हणून एक सही लागती, भावजी. आपल्या गटातल्या मतदाराची. तुमी करता?"

"वहिनी, हातांला ग्रीस हाय."

"असू द्या."

मी सही केली. कागदावर अंगठ्याचा काळा ठसा उमटला तो उमटलाच. मग घड्याळ बघितलं, दीड वाजला होता. आता न्हाई निघालं तर संपलं. म्हणलं, "वहिनी, धा फूट मागं अन् जोरात ब्रेक, एवढंच पाहिजे हो. पण नाना घेऊ देईनात. मला अजून ह्या गावात दुकान चालवायचंय."

वहिनींनी आपला फॉर्म वेगळा घेतला अन् फाईल बाजूला ठेवली. पदर खोचला, गेअरच्या दांड्यावरनं पाय टाकला अन् सरकून स्टिअरिंगपुढं बसल्या. किल्ली गाडीलाच होती. मी बाजूला झालो अन् मागं कोणी हाय का बघितलं.

स्टेजवर नाना माईक धरून सांगत होते, "मायबाप हो, हा अमरसिंह पुढं जाईल, पण एक पाऊल मागं घेणार न्हाई!" टाळ्या पडल्या. अन् त्याच टाळ्यांत त्यांचीच गाडी, त्यांच्याच फोटोसकट, मागं निघाली.

धा फूट गेली. वहिनींनी ब्रेकवर असा पाय दिला की हौद्यात बांधलेला स्पीकर मागच्या फळीवर जाऊन आपटला. अन् कडाड! मला तो आवाज अजून कानात हाय. बारा वर्षांचं नारळपाणी एका झटक्यात सुटलं.

"सुटलं!" मी वरडलो. जॅक लावला, नट काढले, हात लावला तर चाक लेकराच्या दातासारखं हातात आलं. हब खरवडला, ग्रीस चोपडलं, दुकानातनं आणलेलं दुसरं चाक चढवलं, नट आवळले. सात मिनटं, मोजा पाहिजे तर!

तोवर नाना स्टेजवरनं उडी मारून आले. तोंड लालेलाल. "कोणी घेतली मागं? कोणाचा हुकूम?" वहिनी स्टिअरिंग धरून बसलेल्या. महाराजांनी डोळे मिटले होते, पण ते हुशार, उघडले तवा त्यांचा शकुन पालटला होता. "देवीनं घेतली," ते म्हणले. "स्त्रीशक्ती हाय, नाना. गट महिलेचा हाय."

नानांना ते पटलं. दोन मिनटांनी ते लोकांना सांगत होते की मीच तिला म्हणलं, घे मागं. मग वहिनींच्या दाराशी आले. "चल, सरक तिकडं."

"मी आता हितं बसले," वहिनी म्हणल्या. "बसल्यावर जागा सोडायची न्हाई, महाराज म्हणलेत."

नाना महाराजांकडं बघायला लागले अन् महाराज आभाळाकडं. पावणेदोन झाले होते. नाना आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीत डाव्या बाजूला बसले. मला मागं हौद्यात घेतलं, नवं चाक चढवलं की वाटेत नट एकदा आवळावे लागत्यात म्हणून. बँडवाले, महाराज अन् लंगडा युवा नेता माझ्या शेजारी. वहिनींनी गाडी सगळं अंगणभर मागं घेतली, उलटी फाटकातनं काढली, कुठं घासली न्हाई, अन् रस्त्याला लावली. मांजरसुंब्याला मी उतरून नट आवळले. पोलीस उभा होता, त्यानं लायसन न्हाई मागितलं. बॅनर बघून सलाम ठोकला.

तहसीलच्या आवारात पोचलो तवा तीनला धा कमी होते. दारावरच्या पोलिसानं हात आडवा केला. "उमेदवार कोण?"

"मी," नाना म्हणले. मग म्हणले, "म्हणजे ही."

"उमेदवार अन् सूचक, बाकी कोणी न्हाई."

अभिमन्यू पुढं झाला, "सूचक मी!"

"माझे सूचक हे हायती," वहिनी म्हणल्या, अन् माझ्याकडं बोट केलं. मी ग्रीसच्या कपड्यांत, हातात पान्हा. पोलिसानं पान्हा काढून ठेवायला लावला अन् आत सोडलं. मागनं नाना कायतरी वरडले. वहिनींनी वळून बघितलं न्हाई.

आत निवडणुकीच्या साहेबांनी फॉर्म घेतला, चष्मा वर केला, खाली केला. "बाई, हे अक्षर असं का हाललंय?"

"चाक काढत होते, साहेब."

"अन् हा डाग?"

"ते चाक काढणारे," वहिनींनी मला दाखवलं.

साहेबांनी नाव, वय, यादीतला नंबर सगळं ताडून बघितलं. आमी दोघं भिंतीवरचं घड्याळ बघत उभे. मग सहीची जागा मोकळी ठेवलेला फॉर्म अन् शपथेचा कागद त्यांनी पुढं सारला. "हितं सही करा, माझ्यासमोर."

वहिनींनी पेन घेतला. व, मग वेलांटी, मग म. सावकाश, प्रत्येक अक्षर दाबून. रेघा बिघा काही न्हाईत. साहेब घड्याळाकडं बघून चिडले. "सरपंच होता ना तुम्ही पाच वर्षं? एका सहीला एवढा वेळ?"

"पहिल्यांदाच करतेय, साहेब," वहिनी म्हणल्या.

साहेबांनी कागद ओढून घेतला. शिक्का मारला, पोचपावती दिली. मला तिथं हुंदका आला हे मी कोणाला सांगितलं न्हाई, आज तुमाला सांगतोय.

बाहेर आलो तर नाना दारातच पोलिसाशी हुज्जत घालत होते. त्यांच्या हातात फाईल होती. गाडीत वहिनींनी ठेवलेली ती त्यांना सापडली होती, अन् आत तो दोन रेघांच्या सहीचा फॉर्म. घामानं नवे कपडे पाठीला चिकटले होते. "अगं, फॉर्म तर हितंच राहिला! सही केलेला! तू आत काय देऊन आलीस?"

"भरला मी," वहिनी म्हणल्या.

"पण सही तर ह्याच्यावर हाय!"

"ती तुमची हाय," वहिनी म्हणल्या. "ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी."

नाना फाईल धरून तसेच उभे राहिले. वहिनी गाडीकडं गेल्या, स्टिअरिंगपुढं बसल्या अन् मला हाक मारली. "भावजी, नट एकदा बघून घ्या. लवकर निघू, अंजू ओढ्यातनं पायी यायची." मी पोलिसाकडनं पान्हा परत घेतला अन् चाकाशी बसलो.